चौपाटीवरचं विमान आणि बडोद्याचं मुंगूस

तळपद्यांचं विमान फॉरवर्डमधून दर वर्षी नेमाने उडतं. डिसेंबरात राइट बंधूंचा दिवस आला की उडतं, कुठल्या परिषदेत कोणी पुराणातल्या विमानांवर बोललं की उडतं, आणि आता बडोद्यात सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाची फॅक्टरी झाल्यापासून आमच्या गावाला तर निमित्तही लागत नाही. मजकूर सगळ्यांना पाठ आहे. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईत चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विमान उडवलं, ते दीड हजार फूट वर गेलं, बघायला न्यायमूर्ती रानडे आणि आपले सयाजीराव महाराज हजर होते, केसरीत बातमी आली, मग इंग्रजांनी डोळे वटारले, पैसा आटला आणि सगळं सामान परदेशी कंपनीला विकलं गेलं. खाली "अभिमान वाटला तर पुढे पाठवा".

यंदा गणपतीच्या देखाव्यासाठी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर हाच विषय निघाला. 'बडोदा आणि विमान' अशी थीम, मधोमध मरुत्सखा, बाजूला हात जोडलेले तळपदे आणि फेटा बांधलेले महाराज. मी म्हटलं याला पुरावा काय, तर आधी दोन अंगठे खाली आले आणि मग एका काकांनी लिहिलं की तुम्हा लोकांना आपलं काही चांगलं बघवत नाही. काका माझ्यापेक्षा मोठे, त्यांच्याशी ग्रुपवर कशाला वाद, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं असं की वर्गणीच्या पैशातून, शाळेत किंवा एअरपोर्टवर, जिथे कुठे आपण 'हा इतिहास आहे' म्हणून काही मांडतो तिथे पुरावा मागणं हा उद्धटपणा नाहीये. आणि मला त्याहून जास्त टोचतं ते हे, की या एका दंतकथेच्या नादात खऱ्या गोष्टी, ज्यात बडोद्याचं नाव अक्षरशः विमानांच्या तुकडीला दिलं गेलं होतं, त्या कोणाला माहीतच नाहीत.

आधी तळपद्यांचं बघू. माणूस खरा होता. मुंबईचा, संस्कृत जाणणारा, वेदांत विमानविद्या आहे असं मनापासून मानणारा आणि त्या नादाने यंत्राची खटपट करणारा. त्या खटपटीबद्दल मला आदरच आहे. पण उड्डाण? १८९५ सालची मुंबई म्हणजे काही खेडं नव्हतं, इंग्रजी, मराठी, गुजराती पेपर रोज निघत होते, फोटो काढणारे स्टुडिओ होते, आणि चौपाटीवर म्हणे एवढी गर्दी जमली होती. तरी त्या दिवसाचं कात्रण कोणी दाखवत नाही, तारीखसुद्धा धड मिळत नाही. केसरीत आलं होतं म्हणतात, मग केसरीचा तो अंक दाखवा ना. इंग्रजांनी दडपलं म्हणावं तर दोनच वर्षांनी, १८९७ साली, याच केसरीतल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. जो पेपर सरकारच्या नाकावर टिच्चून असलं लिहीत होता तो चौपाटीवरच्या विमानाबद्दल मात्र घाबरून गप्प बसला, हे मला पटत नाही बुवा. आणि महाराजांचं म्हणाल तर बडोदा संस्थानाचा कारभार इतका काटेकोर की दर वर्षाचा अ‍ॅडमिनिस्ट्रेशन रिपोर्ट छापून निघायचा, शाळा किती, विहिरी किती, खर्च किती. विमानाला पैसे दिले असतील तर ती नोंद दाखवायची जबाबदारी दावा करणाऱ्याची.

इंजिन पाऱ्याचं होतं आणि आज नासा तेच वापरते, असाही एक फाटा आहे. पाऱ्याचं आयन इंजिन, म्हणजे विजेने भारलेले पाऱ्याचे कण मागे फेकून यान पुढे ढकलणारं, खरंच असतं, १९६४ साली नासाने सर्ट-१ नावाच्या यानात ते अवकाशात चालवलं. पण त्याचा जोर साधारण एका कागदाच्या वजनाएवढा, तोही निर्वात पोकळीत आणि भरपूर वीज असेल तर. त्यावर गिरगावातून माणूस काय, मांजरही उचललं जाणार नाही.

आणि ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा हवाला देतात त्याची तपासणी १९७४ मध्येच झालीय, ती पण कुठल्या परदेशी माणसाने नाही, बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच प्राध्यापकांनी केली. संस्कृत तपासलं, आकृत्या तपासल्या, गणितं मांडली. निष्कर्ष असा की ग्रंथ १९०४ च्या आधीचा असूच शकत नाही आणि त्यातली शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही विमानं उडण्यालायक नाहीत. हा ग्रंथ सुब्बराय शास्त्री नावाच्या गृहस्थांनी विसाव्या शतकात तोंडी सांगितलेला. त्याच लेखात तळपद्यांचाही उल्लेख आहे, की शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काही मॉडेलं बनवायचा प्रयत्न केला, पण एकही उडालं नाही. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच लोकांनी हे काम करून ठेवलंय. त्यांचा अभिमान मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

काकांचा एक मुद्दा मला मान्य आहे. ते म्हणाले सगळे देश असं करतात, आपणच का सोवळे पाळायचे. करतात, शंभर टक्के करतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने २०१३ साली चक्क कायदा करून ठरवलं की पहिलं उड्डाण राइट बंधूंचं नव्हे, आमच्या गुस्ताव व्हाइटहेडचं. न्यूझीलंडवाले रिचर्ड पिअर्सचं नाव घेतात, गंमत म्हणजे त्या पिअर्सने स्वतः पेपरात पत्र लिहून मान राइट बंधूंना देऊन टाकला होता, पण चाहते ऐकायला तयार नाहीत. पण असं केल्यावर काय होतं याची सगळ्यात भारी गोष्ट खुद्द वॉशिंग्टनची आहे आणि ती आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्मिथसोनियन ही अमेरिकेची एवढी मोठी संस्था, तिचे प्रमुख सॅम्युअल लँगली. सरकारी पैशातून, लष्कराने ५०,००० डॉलर दिले होते, त्यांनी 'एरोड्रोम' नावाचं विमान बनवलं. १९०३ च्या ऑक्टोबरात ते पोटोमॅक नदीत पडलं, ८ डिसेंबरला परत पडलं. त्यानंतर नऊ दिवसांनी सायकलचं दुकान चालवणाऱ्या दोन भावांनी किटी हॉकच्या वाळूत आपलं विमान उडवलं, पहिली झेप १२ सेकंद आणि १२० फूट, आणि फोटो काढून ठेवला. संस्थेला हे पचलं नाही. लँगली वारल्यावर १९१४ मध्ये स्मिथसोनियनने ते जुनं एरोड्रोम ग्लेन कर्टिसकडे दिलं, ज्याचं राइट बंधूंशी पेटंटवरून कोर्टात भांडण चालू होतं (म्हणजे बघा किती निःपक्ष माणूस), त्याने त्यात गुपचूप बरेच बदल केले, तळ्यावरून चार उड्या मारल्या, आणि संस्थेने ते म्युझियममध्ये टांगून खाली लिहिलं की माणसाला घेऊन उडू शकणारं जगातलं पहिलं विमान हे. ऑर्व्हिल राइट वर्षानुवर्षं भांडला आणि शेवटी १९२८ मध्ये त्याने आपलं मूळ विमान उचलून लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिलं. अमेरिकेचं विमान, अमेरिकेत नाही! १९४२ मध्ये स्मिथसोनियनने छापील कबुली दिली तेव्हा कुठे तो नरमला, पण महायुद्ध चालू होतं, आणि विमान अमेरिकेत परत येऊन स्मिथसोनियनमध्ये लागलं ते १९४८ च्या डिसेंबरात. ऑर्व्हिल त्याच वर्षी जानेवारीत गेला होता.

म्हणजे आपल्या माणसाचं कौतुक म्हणून खोटी पाटी लावली आणि वीस वर्षं खरी वस्तू घराबाहेर राहिली. आपल्याकडेही हेच चाललंय, फक्त आपण काय घराबाहेर ठेवलंय याची यादी कोणी केलेली नाही. थोडी मी करतो.

बडोद्यापासूनच सुरू करू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात १२४ नंबरची स्क्वाड्रन होती, तिचं अधिकृत नाव '१२४ (बरोडा) स्क्वाड्रन'. संस्थानाने युद्धनिधीत पैसे दिले म्हणून हे नाव, प्रतापसिंहराव महाराजांचा काळ. १९४१ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला कॅसलटाउनमध्ये ती उभी राहिली, विमानं स्पिटफायर, आणि बोधचिन्ह काय तर मुंगूस! हिंदुस्थानशी नातं दाखवायला. ब्रीदवाक्य होतं, संकट हीच आमची संधी. पुढे या स्क्वाड्रनला खास उंचावर उडणारी, कॉकपिटात हवेचा दाब राखणारी स्पिटफायर मिळाली, कारण जर्मन विमानं फार वरून यायला लागली होती आणि त्यांना गाठायला कोणीतरी हवं होतं. १९४५ मध्ये हॉलंडमधल्या जर्मनांच्या व्ही-२ रॉकेटच्या तळांवर तिने हल्ले केले, युद्ध संपता संपता जेट विमानं मिळाली, आणि १९४६ मध्ये नंबर बदलून ती दुसऱ्या स्क्वाड्रनमध्ये विरून गेली. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात उभं राहून विचारा, कोणाला हे मुंगूस ठाऊक आहे? मला तरी आजवर एकही माणूस भेटलेला नाही.

पहिल्या महायुद्धातलं तर विचारूच नका. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर, मुंबईचा मराठी पोरगा, रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश लष्कराच्या विमानदलात, पायलट झालेल्या पहिल्या चार हिंदी तरुणांपैकी एक. बाकी तिघं हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि सेन. तेव्हा काळ्या माणसाला अफसर म्हणून विमानात बसवायचं हेच मुळात गोऱ्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. वेलिंगकर २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवायचा, १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये पडला, हांगार गावच्या कबरस्तानात त्याची कबर आहे. रॉयने त्याच उन्हाळ्यात दोन आठवड्यांत दहा विमानं पाडली आणि तोही गेला. रॉयवर बंगालमध्ये निदान थोडंफार लिहिलं जातं. आपला वेलिंगकर आपल्या एकाही गणपतीत आलेला मी बघितला नाही.

का नाही आला, यावर मी बराच विचार केलाय आणि मला वाटतं खरी अडचण इथेच आहे. वेलिंगकर साम्राज्यासाठी लढला, त्याच्या दगडावर साम्राज्याचा शूर पुत्र अशाच अर्थाचं लिहिलंय. बरोडा स्क्वाड्रनचा पैसा शेवटी प्रजेचाच, तो इंग्रजांच्या लढाईत गेला, आणि इकडे १९४२ चं आंदोलन चालू. म्हणजे अभिमान वाटतो म्हणावं तर लगेच एक काटा टोचतो. तळपद्यांच्या गोष्टीत काटाच नाही. नायक आपला, शास्त्र आपलं, पाठीराखा महाराज आपला, खलनायक परका, आणि पुरावा नाही याचाही दोष परक्याचाच. अशी गुळगुळीत गोष्ट घशाखाली पटकन जाते. खरा इतिहास हा असा कधीच नसतो, आणि आपल्या विमानांचा तर अजिबातच नाही, त्यात जागोजागी परके लोक, उसनी डिझाइनं, दुसऱ्यांनी टाकलेलं भंगार असं सगळं आहे.

भंगारावरून आठवलं. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. युद्ध संपल्यावर कानपूरला बी-२४ लिबरेटर बॉम्बरांचा ढीगच्या ढीग पडला होता. अमेरिकेने उसनी दिलेली ती विमानं, करार असा की परत द्या नाहीतर मोडून टाका, म्हणून जाताना मुद्दाम मोडतोड करून ठेवलेली, पुन्हा कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू, आपल्याकडे जड बॉम्बर एकही नाही. गोऱ्या तज्ज्ञांचं मत पडलं की हे दुरुस्त होण्यातलं नाही. बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी एकाचा पंख, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याचं इंजिन असं करत जागेवरच एकेक विमान उडण्यापुरतं उभं केलं, जमशेद मुंशी नावाच्या त्यांच्या टेस्ट पायलटने ती कानपूरहून बंगलोरला उडवत नेली, तिथे नीट दुरुस्ती झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ५ नंबरची स्क्वाड्रन त्यावर उभी राहिली. अशी चाळीसेक विमानं. ती १९६८ पर्यंत आपल्या हवाई दलात होती! जगात बाकी सगळ्यांनी आपापली लिबरेटर केव्हाच वितळवून टाकली होती, त्यामुळे आज ब्रिटनच्या हवाई दलाच्या म्युझियममध्ये, कॅनडात, अमेरिकेत जी मोजकी लिबरेटर बघायला मिळतात त्यातली बरीचशी भारतातून गेलेली आहेत. त्यांनी मोडून टाकलेलं आपण जोडलं आणि नंतर त्यांनाच म्युझियमसाठी दिलं. देखावा करायचाच तर याहून भारी काय पाहिजे?

आणि ती हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी तरी कोणी काढली, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या साथीने. कल्पना पक्की झाली कुठे, तर पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन विमानवाल्याशी गप्पा मारताना. पुढे तिथेच मरुत नावाचं लढाऊ जेट बनलं, १९६१ मध्ये उडालं, डिझाइन जर्मनीच्या कुर्ट टँकचं, ज्याने हिटलरच्या हवाई दलासाठी विमानं बनवली होती. हा पण काटाच. त्याच सुमारास इजिप्तमध्ये दुसरा जर्मन, मेसरश्मिट, एचए-३०० नावाचं लढाऊ विमान बनवत होता आणि १९६४ च्या मार्चमध्ये ते पहिल्यांदा आकाशात नेलं आपल्या कपिल भार्गवांनी, भारतीय हवाई दलाचे टेस्ट पायलट. जर्मन डिझाइन, इजिप्तचं विमान, भारतीय पायलट.

नागपूरकरांनी तर रागवायलाच हवं. ३० जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी रात्री डाकोटा विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी अदलाबदल करून परत फिरायची, सकाळी पत्र दुसऱ्या टोकाला. अमेरिकेत फेडएक्सने हाच प्रकार मेम्फिसला १९७३ मध्ये केला आणि त्यावर जगभरच्या मॅनेजमेंट कॉलेजात धडे शिकवतात. आपण संत्री आणि सावजी यापुढे नागपूरचं नाव घेत नाही.

आता परत बडोद्याच्या फॅक्टरीकडे. सी-२९५ हे विमान स्पेनचं. २१,९३५ कोटींचा करार, एकूण ५६ विमानं, १६ तयार तिकडून, ४० इथे टाटांकडे जोडायची. २८ ऑक्टोबर २०२४ ला आपले आणि स्पेनचे पंतप्रधान दोघं येऊन उद्घाटन करून गेले, रस्ते धुतले गेले ते आठवत असेलच. ही विमानं हवाई दलाच्या जुन्या अ‍ॅव्हरो मालवाहू विमानांच्या जागी येतायत, आणि ती अ‍ॅव्हरो तरी काय होती, इंग्रजी डिझाइन घेऊन कानपूरला बांधलेली, पहिली उडाली १९६१ च्या नोव्हेंबरात. अ‍ॅव्हरोची जुनी ११ नंबरची स्क्वाड्रन इथेच, बडोद्यात, आणि सी-२९५ पण पहिल्यांदा तिलाच मिळालं. साठ वर्षांत आपण दुसऱ्याचं डिझाइन घेऊन कानपूरहून बडोद्याला आलो, असं कोणी खवचटपणे म्हणेल. म्हणू दे, त्यात तथ्य आहेच आणि त्यावर वाद घालणं मला तळपद्यांवरच्या वादापेक्षा हजारपट कामाचं वाटतं. इथली पोरं त्या फॅक्टरीत जाणार, रिव्हेट मारणार, तपासणार, सही करणार. त्यांच्या कामात प्रत्येक नटबोल्टचा कागद असतो, कागद नसेल तर तो पार्ट कितीही चांगला दिसो, विमानाला लावत नाहीत. अशा गावाने मंडपात बिनकागदाचं विमान टांगायचं?

प्रेरणेचा मुद्दा पण येतो, की खरं असो खोटं असो, मुलांना प्रेरणा मिळते. मला हे पोरांचा अपमान वाटतो. मोडलेली विमानं जोडणाऱ्या मेकॅनिकांपासून पोरगं शिकेल की काम कसं करतात. गुप्त ग्रंथ आणि पाऱ्याच्या गोष्टीतून शिकेल की आपण सगळं आधीच केलेलं आहे, आता फक्त श्रेय मिळायचं बाकी आहे. सयाजीरावांना महान ठरवायला तर या गोष्टीची काडीचीही गरज नाहीये. १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण, गावोगाव लायब्ररी, १८९० चं कलाभवन जिथे पुढे सिनेमावाले दादासाहेब फाळके शिकले. लोकांनी वाचावं, तपासावं म्हणून आयुष्यभर पैसा ओतलेल्या राजाच्या नावावर न तपासलेला फॉरवर्ड, याची मला खरंच लाज वाटते.

तर मंडळाला माझा प्रस्ताव असा. मधोमध कानपूरचा भंगाराचा ढीग, त्यातून उठणारं लिबरेटर, एका बाजूला मुंगूस काढलेलं स्पिटफायर, दुसऱ्या बाजूला सी-२९५. तळपद्यांना पण घ्या, नक्की घ्या, फक्त पाटीवर लिहा की विमान बनवायची खटपट केली, उडाल्याचा पुरावा नाही. सामान फार लागणार नाही, पत्र्याचे तुकडे मांडवीच्या भंगारवाल्याकडे मिळतील. अडचण दुसरीच आहे. लोक विचारणार की इंग्रजांच्या विमानावर बडोद्याचं नाव कसं, आणि पैसा कोणाचा होता, आणि हिटलरवाल्या जर्मनाला आपण कामावर का ठेवलं. तेव्हा मंडपातल्या ड्युटीची यादी लावताना ज्यांची यावर उभं राहून बोलायची तयारी आहे त्यांचीच नावं घाला, आणि काका, तुमचं नाव मी रविवारच्या संध्याकाळी टाकलंय, गर्दी तेव्हाच जास्त असते.